मोरबेचं पाणी चांगलं आहे, मग आमच्या नळाचं का बिघडलं? (नवी मुंबई-ठाणे, पिण्याचं पाणी)

नेरुळ_पश्चिम

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात काविळीचे रुग्ण निघाले. सगळे एकाच विंगमधले, पण मजले वेगळे. त्यात सहावीत शिकणारी एक मुलगी आहे, अजून शाळेत जाऊ शकत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. अर्धे म्हणतात पालिकेचं पाणी खराब आहे, अर्धे म्हणतात मुलं बाहेरचं खातात. तीन-चार घरांत लगेच आरओ (पाणी शुद्ध करायची यंत्रं) बसले. पाणी तपासून घ्यावं असं मात्र पहिले काही दिवस कुणालाच सुचलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो आहे.

मी इंजिनिअर नाही, डॉक्टर नाही. पण चौकशी करत गेलो तसं जे कळलं ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर दुरुस्त करावं.

आपल्याकडचं पाणी मोरबे धरणातून येतं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे आणि २००२ पासून ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका आपल्या राज्यात फार थोड्या. तिथलं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात येतं. तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात, क्लोरीन देतात आणि मग ते मोठ्या लाईनने शहरात जलकुंभांवर चढतं. जलकुंभातून आपल्या गल्लीच्या लाईनला, तिथून मीटरमधून सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, मोटरने गच्चीवरच्या टाकीत, आणि मग आपल्या नळाला.

मीटरपर्यंतची जबाबदारी पालिकेची. मीटरच्या पुढचं सगळं सोसायटीचं. आमच्या कमिटीत हे वाक्य कुणी उच्चारत नाही. टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद मागितली तर नोंदच सापडली नाही. बिलं आहेत, पण तारीख आहे तर कामाचं वर्णन नाही, वर्णन आहे तर सही नाही.

आता माझे प्रश्न असे आहेत :
पाणी नेमकं कुठे बिघडलं हे शोधायचं कसं? घरच्या घरी करता येईल अशी भरवशाची तपासणी कोणती? आणि आरओ खरंच लागतो का?

---

घोडबंदर_रोड

तुमच्याकडे निदान धरण स्वतःचं आहे. आमच्या बाजूला उन्हाळा लागला की टँकर. टँकरचं पाणी कुठून भरलंय हे ड्रायव्हर सांगत नाही, आणि सोसायटी विचारत नाही कारण विचारलं तर उद्या टँकर येणार नाही ही भीती. माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा. पालिकेचं पाणी शंभरच्या आत दाखवतं, टँकरचं कधी आठशे, कधी त्याच्याही वर. म्हणजे बोअरवेलचं असणार. दोन्ही पाणी एकाच टाकीत सोडतात. याला काय म्हणावं?

---

निवृत्त_पाणीखाते

मी ठाणे जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य काढलं. खातं कुठलं ते सांगत नाही, त्याची गरजही नाही.

आधी एक गोष्ट. शुद्धीकरण केंद्रातून निघणारं पाणी बहुतेक वेळा चांगलंच असतं. ठाण्याला पाणी एका ठिकाणाहून येत नाही. पालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आहे, एमआयडीसी आहे आणि थोडं मुंबई महापालिकेकडून येतं. भातसा, उल्हास, बारवी या नद्यांचं ते पाणी. शुद्धीकरण कुणाचं टेमघरला, कुणाचं जांभूळला. पहिल्या पावसात नद्या लाल होतात तेव्हा तुरटीचा डोस वाढवावा लागतो, कधी पंपिंग कमी करावं लागतं. ते दिवस सोडले तर केंद्रावर चोवीस तास केमिस्ट असतो, दर थोड्या वेळाने नमुना बघतो.

बिघाड वाटेत होतो, आणि तो कसा होतो ते नीट समजून घ्या. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. दोन तास येतं आणि बंद होतं. लाईन भरलेली असते तेव्हा पाण्याचा दाब बाहेरच्या दिशेने असतो. जॉइंट गळत असला तरी पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. पुरवठा बंद झाला की लाईन खालच्या बाजूला रिकामी होते आणि आत हवेची ओढ तयार होते. त्याच गळक्या जॉइंटमधून मग बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. तो जॉइंट गटाराच्या शेजारी असेल, किंवा सर्व्हिस लाईन गटारातूनच नेलेली असेल, तर आत काय येणार ते सांगायला नको. जुन्या वस्त्यांत अशा लाईनी मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. गंजलेला लोखंडी (जीआय) पाइप, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि तो पाइप पावसाळ्यात पूर्ण गटारात बुडालेला.

त्यात लोक लाईनला थेट मोटर लावतात. ते बेकायदा आहे, पालिका मोटर जप्तही करते, तरी लावतात. मोटर लाईनमधून पाणी खेचते तेव्हा शेजारच्या भागात दाब शून्याखाली जातो. तुमच्या मोटरने शेजाऱ्याच्या लाईनमध्ये गटार ओढलं जातं. ज्याने मोटर लावली तो आजारी पडेलच असं नाही.

म्हणून पुरवठा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी टाकीत घेऊ नका. मीटरनंतर एक तोटी बसवून घ्या, प्लंबर तासाभरात काम करतो. पाणी सुटलं की ती तोटी उघडायची, रंग आणि वास बघायचा, स्वच्छ आलं की मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. शटडाऊननंतरच्या, म्हणजे कामासाठी पुरवठा बंद ठेवल्यानंतरच्या, दिवशी हे जरूर करा. आधी सोडलेलं पाणी पार्किंग धुवायला, झाडांना वापरता येतं.

---

दिवा_लोकल

काका, आमच्याकडे पाणी रात्री दोनला येतं आणि सगळ्या चाळीच्या मोटरी एकदम चालू होतात. ज्याच्याकडे मोटर नाही त्याला थेंब मिळत नाही. लोकांना सांगून काही होत नाही. दाबच नाही तर माणूस काय करणार?

---

निवृत्त_पाणीखाते

@दिवा_लोकल, तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोष एकट्या रहिवाशाचा नाही. जमिनीत किंवा जमिनीलगत टाकी करून त्यात पाणी आपोआप पडू द्यायचं आणि मोटर त्या टाकीला लावायची, हाच मार्ग आहे. एकेका घराला ते परवडत नाही, पूर्ण चाळीने मिळून केलं तर जमतं. तोवर रात्रीचं पाणी भरल्यावर त्यात क्लोरीनच्या गोळ्या टाका. आरोग्य केंद्रात विचारा, पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी फुकट वाटतात.

---

कळवा_दवाखाना

डॉक्टर आहे, म्हणून काविळीपुरतं लिहिते.

पाण्यातून होणारी कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूंमुळे होते. यातली महत्त्वाची बाब अशी की विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत बराच काळ जातो. ए ला साधारण दोन ते चार आठवडे, कधी अधिकही. ई ला दोन ते दहा आठवडे. म्हणजे नेरुळच्या ताईंनी की दादांनी, माफ करा, ज्यांनी धागा काढला त्यांच्याकडे आज जे रुग्ण दिसताहेत, त्यांना बाधा महिनाभरापूर्वी झाली असणार. आज पाणी तपासलं आणि रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून पाण्याचा दोष नव्हता असं म्हणता येणार नाही. महिन्या-दीड महिन्यापूर्वी काय झालं होतं ते शोधा. शटडाऊन होता का, रस्ता खोदला होता का, ड्रेनेज तुंबलं होतं का, टँकर मागवला होता का? गॅस्ट्रोचं तसं नसतं, ते एक-दोन दिवसांत कळतं.

इमारतीत गरोदर बाई असेल तर तिच्याकडे आधी लक्ष द्या. हिपॅटायटिस ई इतरांना बहुधा आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जीवावर बेततो. तिने पाणी उकळूनच प्यायचं. भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता तपासणी करायची. झाडपाल्याच्या औषधावर, माळा घालण्यावर वेळ घालवू नका. माझ्याकडे असे पेशंट उशिरा येतात आणि फार वाईट वाटतं.

उकळणं म्हणजे बुडबुडे दिसले की गॅस बंद, असं नाही. खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवा. नंतर त्याच भांड्यात झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि ते भांडं नळाखाली विसळलेलं असलं तर सगळं वाया.

रुग्ण एकापेक्षा जास्त असतील तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. ते येऊन नमुने घेतात. इभ्रतीचा प्रश्न करू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा दवाखान्यांनी रुग्ण कळवले म्हणूनच त्या भागातल्या पाण्याकडे यंत्रणेचं लक्ष गेलं.

---

रसायन_शिक्षिका_ऐरोली

घरची तपासणी विचारली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. शाळेत मुलांकडून करून घेते, त्यामुळे हाताखालची आहे.

सगळ्यात पहिली तपासणी क्लोरीनची. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा. तो शिल्लक असेल तर वाटेत थोडीफार घाण शिरली तरी तिला तोंड द्यायला पाण्यात काही आहे असं समजायचं. शून्य असेल तर पाणी उघडं पडलं. याचं किट काहीशे रुपयांना मिळतं. ग्रामपंचायतीत जिला ओटी टेस्ट म्हणतात ती हीच. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ओटीचे थेंब, हलवलं की पिवळी छटा येते, ती शेजारच्या रंगपट्टीशी जुळवायची. लगेच वाचायचं, कारण वेळ गेला की रंग गडद होत जातो आणि आकडा फुगतो. ते रसायन अंगाला चांगलं नाही, हात धुवा आणि नळीतलं पाणी मोरीत ओता. मिळालं तर डीपीडीचं किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो आणि ते जास्त बरं.

आणि ही तपासणी एका नळावर करून थांबू नका. चार ठिकाणी करा : मीटरजवळ, खालच्या टाकीत, गच्चीच्या टाकीत, स्वयंपाकघरात. मीटरजवळ ०.५ आणि खालच्या टाकीत शून्य आला तर घोटाळा तुमच्या टाकीत आहे, पालिकेला फोन करण्यात अर्थ नाही. मीटरजवळच शून्य आला तर लगेच तक्रार नोंदवा आणि आकडा लिहून द्या. 'पाणी खराब आहे' या तक्रारीपेक्षा 'सकाळी सहाला मीटरजवळ क्लोरीन शून्य' या तक्रारीवर माणूस लवकर येतो.

दुसरी तपासणी एचटूएसच्या बाटलीची, म्हणजे जंतू ओळखायचं रसायन आधीच घातलेल्या बाटलीची. खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस घरातच ठेवायची. पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. काळं झालं नाही म्हणून शंभर टक्के निर्धास्त होता येत नाही, त्यासाठी लॅबच. मानक असं सांगतं की १०० मिलीलीटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जंतू एकही सापडता कामा नये. तिथे थोडं चालेल असं काही नाही.

आता आरओ. @घोडबंदर_रोड यांनी टीडीएसचा उल्लेख केला. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतूंचा त्याच्याशी संबंध नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस दीडशे येऊ शकतो आणि चांगल्या बोअरचा सहाशे. मानकात ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहून येणारं आपलं धरणाचं पाणी मुळात मऊ असतं. त्यातले क्षार आणखी काढून काय मिळवायचं? राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणायला केंद्राला सांगितलं होतं. घरचा आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. पाणीकपातीच्या दिवसांत हे मला पटत नाही.

सेल्समन घरी येऊन दोन काड्यांचा प्रयोग दाखवतो तो बहुतेकांनी पाहिला असेल. नळाच्या पेल्यात काड्या बुडवल्या, वीज सोडली, आणि पाणी तपकिरी, वर फेस. आरओच्या पेल्यात तसंच स्वच्छ. बायका घाबरतात, सही होते. त्या काड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं, त्याचा तो गंजाचा रंग. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून रंग येत नाही. त्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा करायला सांगा. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे करून पाहिलं आहे.

---

सानपाडा_सेक्टर

म्हणजे आरओ काढून टाकावा का? आमच्याकडे दहा वर्षांपासून आहे.

---

रसायन_शिक्षिका_ऐरोली

टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत नसेल तर साधा गाळणीवाला युव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र, पुरतो. युव्हीला पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत, आणि दिव्याची मुदत संपली तर नुसता निळा उजेड दिसतो, जंतू मरत नाहीत. मुदतीत बदला. आणि यंत्र कुठलंही असो, वर्षानुवर्षं फिल्टर न बदललेलं यंत्र नसलेलंच बरं. त्यात जंतू वाढतात.

---

जुने_पनवेल

आमचं देहरंग धरण लहान, त्यात गाळही बराच. उन्हाळ्यात तळ दिसतो, मग जीवन प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून पाणी घ्यावं लागतं. पाण्याची चव आठवड्यात दोनदा बदलते. क्लोरीनचा वास आला की लोक ओरडतात. वास आला तर बरं समजावं, हे वरचं वाचून कळलं. आईला सांगितलं, ती पाणी रात्रभर उघडं ठेवून वास घालवत होती.

एक विचारायचं होतं, दुकानात येणारे गार पाण्याचे जार कसे? लग्नात, ऑफिसात तेच असतात.

---

रसायन_शिक्षिका_ऐरोली

@जुने_पनवेल, सील नसलेला, वर नुसतं झाकण फिरवलेला थंड जार म्हणजे पॅकबंद पाणी नव्हे. पॅकबंद पाण्याचं मानक आयएस १४५४३, तो आकडा आणि परवाना क्रमांक सीलबंद जारवर छापलेला असतो का ते बघा. गार असल्यामुळे चव कळत नाही, वास कळत नाही. मी माझ्या घरच्या कार्याला नळाचं पाणी उकळून माठात भरते.

---

नेरुळ_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सांगण्यावरून पुढे काय झालं ते लिहितो.

किट मागवलं. मीटरजवळ रंग चांगला पिवळा आला, ०.५ च्या आसपास. खालच्या टाकीत काहीच नाही. पट्टीशी जुळवायलाही रंग नव्हता. कमिटीच्या सेक्रेटरींना समोर उभं करून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण त्याच संध्याकाळी टाकी उघडायला माणूस बोलावला.

टाकी पार्किंगमध्ये आहे. झाकण जमिनीच्या पातळीला, लोखंडी, एका कोपऱ्यात गंजून हाताच्या पंजाएवढं भोक. वर रोज गाड्या धुतात. ते पाणी, साबण, चाकांची माती, सगळं त्या भोकातून खाली. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, आत झुरळं. भिंतीच्या ज्या बाजूला ओल दिसली तिच्या पलीकडे साडेतीन-चार फुटांवर ड्रेनेजचं चेंबर. वॉचमनने सांगितलं की ते चेंबर पावसाळ्याच्या तोंडाला तुंबून दोन दिवस वाहत होतं. डॉक्टरताईंनी दिलेला हिशोब आणि हे दिवस जुळतात.

ही टाकी फक्त याच विंगला पाणी देते. शेजारच्या विंगची टाकी वेगळी, तिथे एकही रुग्ण नाही.

सभेत अपेक्षेप्रमाणे खर्चावरून वाद झाला. झाकणाचा कठडा अर्धा फूट वर उचलणं, आतून प्लास्टर, चेंबर दुसऱ्या बाजूला हलवणं, सगळं मिळून रक्कम मोठी आहे. एक गृहस्थ म्हणाले, प्रत्येकाने घरी आरओ लावावा, सोसायटीला खर्च कशाला. त्या मुलीची आई उठून म्हणाली, आमच्याकडे आरओ होताच. मुलगी दात घासायला बेसिनचं पाणी घेते, भाजी त्याच पाण्याने धुतली जाते. त्यानंतर ठराव मंजूर झाला.

@निवृत्त_पाणीखाते काका, टाकी साफ करून घेताना काय बघायचं? आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती?

---

निवृत्त_पाणीखाते

काम चांगलं केलंत.

आधी माणसाच्या जीवाचं. बंद टाकीत उतरण्याआधी दोन्ही झाकणं उघडी ठेवून हवा खेळू द्या, मोटरची वीज मेनमधून बंद करा, आत दिव्यासाठी उघडी वायर सोडू देऊ नका, आणि वर एक माणूस कायम उभा ठेवा. टाकीत गुदमरून किंवा शॉक लागून माणसं जातात, आणि ती बहुतेक वेळा रोजंदारीवरची असतात.

सफाईत गाळ उपसणं, भिंती घासणं, ते पाणी पूर्ण काढणं, मग क्लोरीनच्या पाण्याने धुणं असा क्रम. नुसतं वरून पाइप मारून निघून जातात त्यांना पैसे देऊ नका. धुण्याआधी आणि नंतर फोटो काढा, तारीख घालून नोटीस बोर्डावर लावा. दर सहा महिन्यांनी, आणि एकदा पावसाळ्यानंतर हटकून.

टाकी भरल्यावर टीसीएल हजार लिटरला अडीच ग्रॅम. वीस हजार लिटरच्या टाकीला पन्नास ग्रॅम झालं. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत पाणी घेऊन कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. अर्धा तास थांबून मग मोटर. पाकीट ताजं हवं, फोडून ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून नंतर ओटी करून बघा. चेंबर हलेपर्यंत रोज बघा, आणि तोवर पिण्याचं पाणी सगळ्यांनी उकळा. ओल येणारी भिंत आहे तोपर्यंत पावडरीवर भिस्त ठेवू नका.

---

नेरुळ_पश्चिम

समजलं. रोज सकाळी सात वाजता ओटी करायची पाळी लावली आहे, मजल्याप्रमाणे. वही वॉचमनच्या केबिनमध्ये.

शेवटचा प्रश्न ऐरोलीच्या बाईंना. लॅबला नमुना न्यायचा आहे. बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन चालेल का?

---

रसायन_शिक्षिका_ऐरोली

चालणार नाही. जंतूंच्या तपासणीला लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. तिच्या तळाशी थोडं रसायन असतं, ते क्लोरीनला थांबवण्यासाठी, ते धुऊन टाकू नका. नळाला लावलेली जाळी किंवा नळी काढा, तोटीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा किंवा धातूची असेल तर ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. वर थोडी जागा रिकामी ठेवा. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहा. बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत पोचवा, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेऊ नका. आधी फोन करून लॅब नमुना कुठल्या दिवशी घेते ते विचारा, आणि लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे ना तेही. खालची टाकी आणि तुमच्या विंगमधला सगळ्यात वरचा नळ, असे दोन नमुने द्या.